मामा, गर्दुल्ला म्हणजे काय? हेरॉइनचे आकडे नेमके कुणाचे असतात त्याची गोष्ट

गेल्या दिवाळीत भाचा घरी आला होता, वय १९, इंजिनीअरिंगच्या सेकंड इयरला, हॉस्टेलला राहतो. बोलता बोलता मी कुणाला तरी सहज 'गर्दुल्ला' म्हणालो आणि हा विचारतो, मामा गर्दुल्ला म्हणजे काय? मी दोन मिनिटं गप्पच. आमच्या पिढीला हा शब्द आईनं शिकवलेला, त्या रेल्वेपुलाखालून येऊ नको रे तिथं गर्दुल्ले असतात, आणि खरंच असायचे, चांदीच्या कागदावर काहीतरी जाळून ओढत बसलेले, डोळे अर्धे मिटलेले, भर मे महिन्यात अंगावर चादर. मी त्याला सांगितलं की गर्द म्हणजे ब्राउन शुगर, म्हणजे भेसळ केलेलं हलकं हेरॉइन. तर म्हणाला, "ओह, हेरॉइन होय. ते आता कोण घेतंय? सगळे एमडीवाले." (एमडी म्हणजे मेफेड्रोन, उत्तेजक नशा.)

आता गंमत बघा. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं दिल्लीच्या एम्सकडून देशभर सर्वे करून घेतला होता, २०१९ ला रिपोर्ट आला, त्यात अफूच्या खानदानातल्या सगळ्या नशांमध्ये एक नंबरला आहे हेरॉइन. १० ते ७५ वयातल्या लोकांपैकी १.१४ टक्के हेरॉइन घेणारे, त्याखाली ०.९६ टक्के नशेसाठी पेनकिलर वगैरे औषधं घेणारे आणि सगळ्यात शेवटी आपली जुनी अफू ०.५२ टक्के. म्हणजे माझ्या भाच्याला एकही हेरॉइनवाला माहीत नाही आणि सरकार म्हणतंय देशात सव्वा कोटीच्या घरात आहेत! दोघंही खोटं बोलत नाहीयेत. हे कसं ते समजावून सांगायचा प्रयत्न करतो, कारण 'तरुणाई ड्रग्जच्या विळख्यात' टाइपच्या बातम्या वाचताना आपण सगळेच इथं गंडतो.

लोकलचा डबा डोळ्यासमोर आणा. सकाळची सीएसटीकडे जाणारी गाडी ठाण्याला येते तेव्हा खच्चून भरलेली असते. पण ती गर्दी ठाण्याला चढलेली नसते ना, ती कल्याणला डोंबिवलीला चढलेली असते आणि अजून उतरलेली नसते एवढंच. व्यसनाच्या आकड्यांचं तसंच आहे, या वर्षी नवीन किती चढले हा एक आकडा आणि आत्ता डब्यात एकूण किती आहेत हा दुसरा, आणि बातमीत बहुतेक वेळा दुसराच छापतात आणि पहिल्यासारखा वाचायला लावतात. त्यात हेरॉइनचा डबा असा की चढायला एक स्टेशन पुरतं आणि उतरायला दहा-पंधरा-वीस वर्षं लागतात. त्यामुळे नवीन चढणारे जवळपास थांबले तरी डबा कित्येक वर्षं भरलेलाच दिसणार. आणि उलटही होतं, की नवीन पोरं भसाभस चढतायत पण डबा अजून रिकामाच म्हणून कुणाला पत्ता नाही.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण स्वित्झर्लंडचं आहे, हो तेच, जिथं आपल्या हिंदी गाण्यांत हिरॉइनी बर्फात शिफॉनच्या साड्या नेसून नाचायच्या. झुरिक शहरात मेन स्टेशनच्या मागे प्लाट्झश्पिट्झ नावाचं पार्क आहे, १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथं दिवसाढवळ्या शेकडो लोक हेरॉइनची सुई टोचून घ्यायचे आणि पोलीस बघत बसायचे, शेवटी १९९२ ला ते पार्क बंद केलं. पुढं दोन संशोधकांनी झुरिक कॅन्टनमधल्या (कॅन्टन म्हणजे तिथलं राज्य) उपचार घेणाऱ्यांच्या नोंदी काढून हिशेब केला की कुठल्या वर्षी किती लोकांनी नियमित हेरॉइन घ्यायला सुरुवात केली असेल. १९७५ ला साधारण ८० जण. १९९० ला ८५०. आणि २००२ ला परत १५०. म्हणजे नवीन चढणारे पाचपट-सहापट कमी झाले. पण डब्यातली एकूण गर्दी? ती वर्षाला फक्त ४ टक्क्यांनी कमी होत होती. बाहेरून बघणाऱ्याला वाटणार काही फरकच पडला नाही.

आणि नवीन चढणारे कमी का झाले हे जास्त इंटरेस्टिंग आहे. स्विस लोकांनी मेथाडोन, म्हणजे हेरॉइनऐवजी द्यायचं औषध, सहज मिळेल असं केलं, १९९४ पासून तर जुन्या, कशानंच बऱ्या न होणाऱ्या पेशंटना डॉक्टरच्या देखरेखीखाली क्लिनिकमध्ये चक्क हेरॉइनच द्यायला लागले. तेव्हा भरपूर आरडाओरडा झाला की अशानं पोरांना वाटेल हे चांगलं असतं. झालं उलटं. हेरॉइन म्हणजे बंडखोरी, रॉकस्टार वगैरे जी हवा होती ती गेली, आता ते म्हणजे सकाळी उठून दवाखान्यात लाइन लावणाऱ्या थकलेल्या काकांचं औषध. कुठल्या अठरा वर्षांच्या पोराला काकांसारखं व्हायचंय? (आपल्याकडे 'गर्दुल्ला' या शब्दानं बहुतेक असंच काहीसं काम केलं असावं असं मला वाटतं, हा फक्त माझा अंदाज, पण भिकाऱ्यासारखा दिसणारा माणूस हीच एखाद्या नशेची ओळख झाली की कॉलेजची पोरं तिच्या वाटेला जात नाहीत, ती दुसरी नशा शोधतात.)

आता अमेरिका, कारण तिथं आकडे भरपूर आहेत आणि ते एकमेकांशी भांडतात. तिथं दरवर्षी शाळकरी मुलांचा मोठा सर्वे होतो. बारावीतल्या मुलांपैकी गेल्या वर्षभरात हेरॉइन घेतलेले २००० साली १.५ टक्के होते आणि २०१७ पर्यंत ते ०.४ टक्क्यावर आले. वा, पोरं सुधारली. पण त्याच काळात हेरॉइनच्या ओव्हरडोसनं मेलेल्यांचा आकडा २०१० ला ३,०३६ होता तो २०१७ ला १५,४८२ झाला. पाचपट. मग हे मरणारे आले कुठून?

पहिली गोष्ट, शाळेतल्या सर्वेत शाळेत येणारी मुलंच सापडतात. ज्याला हेरॉइन लागलंय तो बहुतेक वेळा शाळा सोडून बसलेला असतो. दुसरी गोष्ट, चढायचं स्टेशनच बदललं. अमेरिकेतल्या उपचार केंद्रांमधल्या लोकांना विचारून २०१४ साली एक अभ्यास छापून आला, १९६० च्या दशकात सुरुवात केलेल्यांचं पहिल्या वेळचं सरासरी वय साडेसोळा, बहुतेक शहरातले पुरुष, आणि ८० टक्क्यांवर लोकांची अफूच्या जातीतली पहिली नशाच हेरॉइन. अलीकडच्यांचं सरासरी वय २३, बायका जवळजवळ पुरुषांइतक्याच, आणि ७५ टक्के लोकांनी सुरुवात केली डॉक्टरनं लिहून दिलेल्या किंवा घरातल्या कपाटात सापडलेल्या पेनकिलरनं. म्हणजे बारावीत विचारलंत तर खरंच कोणी घेत नव्हतं, कारण अजून स्टेशन आलंच नव्हतं! १८ ते २५ वयाच्या लोकांना विचारलं तेव्हा दिसलं की २००२-०४ च्या मानानं २०११-१३ मध्ये हेरॉइन घेणारे दुपटीपेक्षा जास्त झालेत. 'तरुण' हा शब्द किती ढिला आहे बघा, १७ वर्षांचा पण तरुण आणि २४ वर्षांचा पण तरुण, आणि एकाचा ग्राफ खाली जातोय, दुसऱ्याचा वर.

पेनकिलरची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. १९९६ ला ऑक्सिकॉन्टिन नावाची जोरदार गोळी बाजारात आली, तिला फारशी सवय लागत नाही असं सांगून डॉक्टरांच्या गळ्यात मारली गेली, लाखो लोकांना सवय लागली. २०१० ला कंपनीनं गोळी अशी बनवली की कुटून ओढता येऊ नये, मग सवय लागलेल्यातले बरेच जण हेरॉइनकडे गेले कारण ते स्वस्त आणि सहज मिळणारं. मग २०१३ च्या आसपास हेरॉइनमध्ये फेंटानिल मिसळायला लागले, लॅबमध्ये बनवलेलं, हेरॉइनच्या साधारण ५० पट जोरदार. पुढं पुढं तर हेरॉइन नावालाच उरलं. २०२२ ला हेरॉइनच्या मृत्यूंचा आकडा ५,८७१ वर आला, बघा कसा घसरला, पण सगळी ड्रग्ज मिळून ओव्हरडोसनं त्या वर्षी १ लाख ७ हजारांवर लोक मेले. लोकांनी हेरॉइन सोडलं नाही हो, दुकानदारानं माल बदलला.

आणि हा माल बदलायचा प्रकार एकाच दिशेनं जातो हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. कारवाई कडक झाली की पोत्यातून न्यायची वस्तू मार खाते आणि खिशात मावणारी टिकते. पंजाबात म्हातारी माणसं शेतात राबताना भुक्की घ्यायची, म्हणजे अफूच्या बोंडांचा चुरा, पोत्यानं यायचा. २०१५ ला तिथल्या १० जिल्ह्यांत सर्वे झाला तेव्हा अफूच्या जातीच्या नशेत पूर्ण अडकलेले लोक राज्यात २ लाख ३२ हजारांच्या आसपास धरले, त्यातले ५३ टक्के हेरॉइनवाले, तिकडे त्याला चिट्टा म्हणतात, आणि अफू-भुक्कीवाले ३३ टक्के. बाप भुक्कीवर, मुलगा चिट्ट्यावर. या अडकलेल्या लोकांत ७६ टक्के १८ ते ३५ वयाचे, ८९ टक्के शिकलेले, निम्म्याहून जास्त लग्न झालेले, आणि हेरॉइनवाल्याचा रोजचा खर्च साधारण १,४०० रुपये, २०१५ चे! ही पुलाखालची माणसं नाहीत, यांची घरं आहेत, काहींच्या ट्रॅक्टरचे हप्ते आहेत. सुटायचा प्रयत्न ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी केला होता, मदत मिळाली जेमतेम तिघांतल्या एकाला.

म्हणजे पंजाबात डबा नव्यानं भरत होता, झुरिकमध्ये जुना रिकामा होत होता. स्कॉटलंडमध्ये तिसरंच चित्र दिसतं. १९८०-९० च्या दशकांत कारखाने बंद पडलेल्या शहरांमध्ये जी पोरं हेरॉइनला लागली तीच आता पन्नाशीकडे आलीत, फुप्फुसं खलास, लिव्हर खलास, आणि ती मरतायत. २०२० ला तिथं ड्रग्जनं १,३३९ लोक गेले, आणि वीस वर्षांत मरणाऱ्यांचं सरासरी वय ३२ वरून ४३ झालं. मृत्यूचा आकडा वाढला की पेपरात लगेच तरुणाई बिघडली म्हणून छापून येतं, प्रत्यक्षात ही पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची तरुणाई असते.

भारतात परत येतो. आपला डबा पहिल्यांदा भरला १९८० नंतर. इराणात क्रांती, अफगाणिस्तानात युद्ध, माल न्यायचे जुने रस्ते अडले, मग मुंबई-दिल्लीमार्गे युरोपला माल जायला लागला आणि जिथून माल जातो तिथं थोडा सांडतोच. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ऑगस्ट १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पुलं मदतीला उभे राहिले, ते याच गर्दच्या लाटेमुळे. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा पण त्याच काळातला, १९८५ चा. मणिपूरमध्ये म्यानमारकडून येणारं 'नंबर फोर' हेरॉइन पोरं सुईनं घ्यायची, एकच सुई पाचजणांत, आणि १९८९-९० च्या थोड्याच महिन्यांत सुईवाल्यांमधला एचआयव्ही शून्यावरून निम्म्यापर्यंत गेला. एका वर्षाच्या आत! ईशान्येकडच्या कित्येक घरांत अजून त्या पिढीचे फोटो भिंतीवर आहेत आणि माणसं नाहीत.

मग २००४ चा राष्ट्रीय सर्वे, त्यात हेरॉइन ०.२ टक्के. आणि २०१९ ला १.१४. लगेच कुणी म्हणेल पाच-सहापट वाढ. थांबा. २००४ च्या सर्वेत फक्त पुरुषांना विचारलं होतं, १२ ते ६० वयाच्या, साधारण ४० हजार. २०१९ वाल्यांनी दोन लाखांवर घरं पालथी घालून पावणेपाच लाख लोकांना विचारलं, बायकांसकट, शिवाय नशा करणाऱ्यांच्या ओळखी काढत काढत ७० हजार जणांपर्यंत वेगळे पोचले, कारण हे लोक घरी दार वाजवून सापडत नाहीत. दोन वेगळ्या तराजूंनी केलेलं वजन आहे ते, नेमकी किती पट हे त्यातून काढू नये. पण दिशा मात्र स्पष्ट आहे, आधी अफू पुढं होती आता हेरॉइन पुढं आहे. आणि बायका धरूनही आकडा वाढला म्हणजे पुरुषांमधला खरा आकडा त्याहून मोठा, कारण अफूच्या सगळ्या जाती मिळून पुरुषांत ४ टक्के आणि बायकांत ०.२ टक्के असंच निघालं. बायकांचा आकडा खरंच एवढा कमी आहे की दारात सासू उभी असताना कोण हो म्हणणार, हा प्रश्न मला तरी पडतो.

मुलांचं? १० ते १७ वयात अफूच्या सगळ्या जाती मिळून १.८ टक्के, म्हणजे ४० लाखांच्या आसपास. मोठ्यांत २.१ टक्के. फरक जवळजवळ नाहीच, आणि मला पूर्ण रिपोर्टात सगळ्यात जास्त टोचलेला आकडा हाच आहे, कारण मुलं म्हणजे नवीन चढणारे, ती जुनी गर्दी असूच शकत नाहीत. यात सगळं हेरॉइन नाही, गोळ्या-औषधं पण आहेत, पण अमेरिकेत रस्ता कुठून कुठं गेला ते वर बघितलंच.

महाराष्ट्राचं नाव रिपोर्टात येतं, गंभीरपणे अडकलेल्या देशातल्या ७७ लाखांपैकी निम्म्याहून जास्त ज्या राज्यांत आहेत त्या यादीत, यूपी, पंजाब, हरियाणा, दिल्ली यांच्या सोबत. पण शंभरात किती असं बघितलं तर वरचे नंबर मिझोराम, नागालँड, अरुणाचल, सिक्कीम, मणिपूर आणि मग पंजाब-हरियाणा-दिल्ली यांचे. आपण यादीत आहोत ते मुख्यतः आपण खूप आहोत म्हणून. दोन्ही याद्या खऱ्या, न्यूज चॅनल आपल्या सोयीची उचलतं.

आता उतरायला एवढी वर्षं का लागतात ते थोडक्यात. हेरॉइन म्हणजे मॉर्फिनच, फक्त असं बदललेलं की मेंदूत झटकन घुसतं. १८९८ ला बायर कंपनीनं ते खोकल्याचं औषध म्हणून विकायला काढलं होतं, नाव पण त्यांचंच! मेंदूत दुखणं शमवायची आपली स्वतःची व्यवस्था असते, तिच्याच खुर्चीत हे जाऊन बसतं. रोज बसायला लागलं की शरीर स्वतःचा कारभार आवरून घेतं, आणि मग पुडी नाही मिळाली की टर्की लागते, अंग मोडून येतं, नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, पाय आपोआप झटकतात, रात्र रात्र झोप नाही. काही महिन्यांनी माणूस मजेसाठी घेतच नसतो, टर्की चुकवायला घेत असतो, पुलाखालचे ते चेहरे आठवा, त्यात मजा कुठं दिसत होती?

आणि सगळ्यात धोक्याची वेळ कुठली माहितीये? सोडल्यानंतरची. महिनाभर जेलमध्ये किंवा कोंडून ठेवणाऱ्या एखाद्या केंद्रात काढून माणूस बाहेर येतो, शरीराची सवय गेलेली असते, डोक्याला मात्र जुना डोस आठवत असतो, तो घेतला की श्वास थांबतो. म्हणून नुसतं सक्तीनं सोडायला लावणं आणि घरी पाठवणं हे कधी कधी जीवावर बेततं. त्यापेक्षा बुप्रेनॉर्फिन, मेथाडोन यांसारखी औषधं महिनोन् महिने, गरज पडली तर वर्षानुवर्षं देणं, यानं मृत्यू कमी होतात हे बऱ्याच देशांत दिसलंय. पंजाबनं २०१७ पासून अशी ओपीडी केंद्रं काढली, नॅको, म्हणजे सरकारची एड्स नियंत्रण संस्था, तिची पण देशात केंद्रं आहेत. "एक नशा सोडवून दुसरी लावली" असं म्हणणारे काका प्रत्येक फॅमिली ग्रुपवर असतात, त्यांना विचारा इन्सुलिन पण रोजच घेतात ना. आणि कायद्याचं ऐकून घाबरणाऱ्यांसाठी, एनडीपीएसमध्येच कलम ६४-अ आहे, ज्याच्यावर थोड्या मालाचा गुन्हा आहे तो स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला आणि ते पूर्ण केले तर त्याला खटल्यातून संरक्षण मिळतं. सरकारी हेल्पलाइन १४४४६.

उतरता येतच नाही असंही नाही हं. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेचे जवळपास २० टक्के साधे सैनिक आपण हेरॉइनच्या पूर्ण आहारी गेलो होतो असं सांगत होते, १९७१ ला सरकार हादरलं की आता ही फौज घरी येऊन काय करणार. ली रॉबिन्स नावाच्या संशोधक बाईंनी परतलेल्यांचा माग काढला, तर तिथं आहारी गेलेल्यांपैकी पहिल्या वर्षात परत अडकले साधारण ५ टक्के. तिथं युद्ध होतं, भीती होती, माल हातात होता. घरी आल्यावर यातलं काही नव्हतं. पंजाबच्या पोराला मात्र बरं होऊन जायचं असतं त्याच गावात, त्याच कट्ट्यावर.

पुढं काय होईल यातला मोठा धक्का अफगाणिस्ताननं दिलाय. तालिबाननं एप्रिल २०२२ मध्ये अफूवर बंदी घातली आणि २०२३ ला तिथली शेती २ लाख ३३ हजार हेक्टरवरून १०,८०० हेक्टरवर आली, ९५ टक्के खलास, पहिला नंबर म्यानमारकडे गेला. गुजरातच्या मुंद्रा बंदरात सप्टेंबर २०२१ ला जवळपास तीन हजार किलो हेरॉइन पकडलेलं आठवत असेल, टाल्क म्हणून आणलेलं, ते अफगाणिस्तानातलंच होतं. आता माल आटला तर चांगलंच की, असं वाटतं ना? पण डब्यातले लोक तर अजून डब्यातच आहेत, आणि खिशात मावणाऱ्या मालाचा नियम आठवा, हेरॉइनहून छोटं आणि जोरदार काय असतं ते अमेरिकेनं बघितलंय.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं, अर्धं ऐकलं असेल त्यानं. मग म्हणाला, मामा त्या रिपोर्टात एमडीचं काय आहे? मी बघितलं. हे मेफेड्रोन २०१५ ला एनडीपीएसमध्ये आलं, पण सर्वेच्या मुख्य आकड्यांत त्याच्या नावाचा वेगळा आकडा नाही, त्या जातीच्या उत्तेजक नशा सगळ्या मिळून ०.१८ टक्के, आणि सर्वेचं फिल्डवर्क पण २०१७-१८ चं. तो हसला, म्हणाला एवढे तर आमच्या एका कॉलेजात असतील. खरंखोटं तो जाणे, पण एक लक्षात आलं, तो हॉस्टेलला राहतो, घरोघरी दार वाजवणारे तेव्हा आले असते तरी असं पोरगं त्यांना घरी सापडलंच नसतं.